पल्लवीच्या मेमरीतली गडबड

माझी स्मरणशक्ती अख्ख्या शिरपुरात प्रसिद्ध आहे. एकदा ऐकलं की डोक्यात कोरलं गेलं! म्हणूनच भाचीला पाहायला पाहुणे येणार म्हटल्यावर सगळी कामं माझ्या गळ्यात पडली. पेढे, पोह्यांची तयारी, आणि मुलगा रेल्वेने येणार म्हणून त्याला जऊळका स्टेशनावरून आणणं.

भाची पल्लवी घरी बसून सॉफ्टवेअर तपासते. फोटो-व्हिडिओ उघडणाऱ्या एका सॉफ्टवेअरमध्ये मोबाईलच्या मेमरीत घोळ करणारी चूक तिने शोधली. थेट परदेशातून आभाराचं पत्र! माझी छाती अशी फुगली की मी लगेच स्टेटस ठेवलं: ‘आमच्या पल्लवीच्या मेमरीतल्या गडबडीची परदेशात दखल! अभिनंदन!!’

मानोऱ्याचे पाहुणे आले ते तोंडं पाडूनच. मुलाची आई गोजराबाई पोह्यांना हात लावेनात.

“काल काय जेवली वं तू?”

“पिठलं-भाकर.”

“अन् परवा? आज वार कोणता?”

पल्लवी माझ्याकडे पाहायला लागली. गोजराबाईंनी मोबाईल माझ्या नाकासमोर धरला. “पोरीच्या मेमरीत गडबड, अन् तुमी अभिनंदन करून राह्यले?”

सोयरीक मोडली, तीही माझ्या हातानं!

“मामा, तुमी चूप बसा,” म्हणत पल्लवीने पायलीभर तूर आणली. पोह्यांच्या ताटलीशेजारी गिलास ठेवला. “फोटो म्हणते, मी गिलासभर हाय. सॉफ्टवेअर मोजतच नाही, गिलास पुढं करते. अन् निंगते पायलीभर!”

तिने पायली उपडी केली. गिलास भरला आणि उरलेली तूर थेट पोह्यांत!

“असंच मोबाईलमंदी सांडते. त्या सांडलेल्यातून चोर घुसते. गडबड तिथं हाय, मावशी. म्या फक्त शोधली.”

गोजराबाई बघतच राहिल्या. “आधी मोजाव, मंग ओताव! एवढं मोठ्या मोठ्या लोकायले नाही समजलं, अन् तुले समजलं?”

खरं सांगतो, केवढी हुशार पोर!

“पसंत हाय!” तूर निवडून पोहे खात गोजराबाई म्हणाल्या. “आता भागवतले विचारा. कुठी हाय तो?”

रागाच्या भरात मुलाची आठवण कोणालाच राहिली नव्हती. मी खिशातला फोन काढला. सतरा मिस्ड कॉल, सगळे भागवतचे, जऊळका स्टेशनावरून!

मी गाडीला किक मारली तेव्हा मागून गोजराबाईंचा आवाज आला, “पल्लवी, थ्या मोबाईलचं राहू दे वं! आधी या मामाची मेमरी तपास!”