विरुद्ध पक्षाचं अक्षर

लवू पाष्टे मोफत कायदेमदतीच्या कचेरीत शिरला तेव्हा अर्ज घेणाऱ्या ज्ञानेश्वरी मॅडम चक्क खुर्चीतून उठल्या. त्यांना वाटलं, कुणी बिल्डर आला.

लवू लांज्याच्या काजू कारखान्यातला साधा कामगार. बायको नम्रता चार महिन्यांपूर्वी भांडून लेक आरोहीला घेऊन हातखंब्याला माहेरी गेली, आणि सासूने लवूला दोनदा दारातूनच परत धाडलं. पोरीला डोळे भरून पाहायचं तर वकील हवा. कमी कमाईच्या बापालाही वकील फुकट मिळतो हे कळताच अख्ख्या वाडीची बैठक बसली. "कचेरीत जायचं तर वट दिसला पायजे!" मुंबईहून सुट्टीवर आलेल्या संदेशने फर्मावलं आणि स्वतःची चेन, कडं, बूट, काळा गॉगल सगळं लवूवर चढवलं. लवूचा चष्मा घरीच राहिला.

"उत्पन्नाचा दाखला आणलाय, पण ही चेन किती तोळ्यांची?" मॅडमनी विचारलं.

"तीन!" लवू छाती काढून म्हणाला आणि लगेच जीभ चावली. "म्हणजे, माझी नाय. संदेशची हाय."

"कडं?"

"ता पण त्याचाच." लवूने कडं काढलं, गॉगल काढला, बूटही काढून टेबलाखाली सारले.

"मग तुमचं काय आहे?"

"एक पोरगी हाय. ती पण सासूकडं."

मॅडमना हसावं की रडावं कळेना. त्यांनी अर्ज पुढे केला. चष्म्याविना लवूला अक्षरांच्या जागी मुंग्या दिसल्या.

"बाकावरच्या त्या बाईंकडून भरून घ्या. त्याही वकिलासाठीच आल्यात."

लवू चाचपडत बाकापाशी गेला. "ताई, जरा एवढं भरून…"

"ताई कुणाला म्हणताव?"

नम्रता! लवूला दरदरून घाम फुटला. "तू हितं कशाला?"

"बायकांना दाखल्याबिगर मिळतो वकील. आणा तो कागद. रेशनकार्डापासून तुमचे अर्ज मीच भरत आलेय." तिने पेन उघडलं. "विरुद्ध पक्ष?"

"तू."

नम्रताने स्वतःचं नाव सुवाच्य अक्षरात लिहिलं. "पोरीची जन्मतारीख?"

"पावसाळ्यात कधीतरी…"

तिने डोळे वटारले आणि तारीख लिहिली. "मागणी काय?"

लवूने एक बोट वर केलं. "महिन्यातनं एक तास पोरगी भेटली तरी चालंल."

पेन थांबलं. "तासाभरात तिची वेणीसुद्धा होत नाय," नम्रता पुटपुटली आणि भराभर लिहीत सुटली.

मॅडमनी अर्ज वाचला. "दर शनिवारी दुपारपासून सोमवारी शाळेपर्यंत? एवढं मागताय? विरुद्ध पक्षाला मान्य होईल का?"

"मान्य हाय," विरुद्ध पक्ष नाक ओढत म्हणाला. "पण सोमवारचा डबा यांनीच करायचा. आणि भेंडी नको. ती खात नाय."

लवूला भेंडीशिवाय दुसरं काही येत नव्हतं. त्याने घाबरून मॅडमकडे पाहिलं. "मॅडम, मग डब्यात देऊ तरी काय?"

"अहो पाष्टे," मॅडम अर्जावर शिक्का मारत म्हणाल्या, "तो सल्ला इथे मिळत नाही."