एका पायाची स्की

गावच्या स्की-मंडळाचा चषक गेली कित्येक वर्षे लेओच्या कपाटावर होता. लेओ म्हणजे अन्सेल्मच्या बायकोचा, क्रेसेन्झचा, धाकटा भाऊ. त्यामुळे दर रविवारी लेओकडे रॅक्लेट, म्हणजे बटाट्यांवर वितळवलेले चीज, खाताना तो चषक अन्सेल्मच्या नजरेसमोर येई. यंदा तो जिंकायचाच, असे शाळेत पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या अन्सेल्मने ठरवले होते. लेओ तारेवरून जाणाऱ्या जुन्या उघड्या पाळण्यातून कुडकुडत डोंगरावर जाणार. आपण भुयारी दोरगाडीने आधी पोहोचायचे आणि सरावाची एक फेरी मारायची, असा त्याचा हिशेब होता.

दोरगाडीच्या खालच्या स्थानकावर क्रेसेन्झबरोबर कॉफीला बसताना, गावातले सगळे करतात त्याप्रमाणे, चोरांना जोडी मिळू नये म्हणून त्याने एक स्की दाराशी आणि दुसरी इमारतीमागे ठेवली. गाडी येताच दाराशी असलेली स्की उचलून तो धावला. हात जरा हलका वाटला खरा, पण ते त्याने वाचलेल्या वेळेचे समाधान मानले. खुलासा वर पोहोचल्यावर, बर्फावर झाला.

परतीच्या गाडीत शिरता शिरता त्याने खालीच थांबलेल्या क्रेसेन्झला फोन लावला. "स्की मागच्या बाजूला आहे, बघ," एवढे तिला ऐकू गेले. "मीच खाली येतोय," हे भुयारात विरले.

दोरगाडीचे दोन डबे एकाच दोराच्या दोन टोकांना असतात. एक उतरतो तेव्हाच दुसरा चढतो. अर्ध्या भुयारात, समोरच्या डब्यातल्या एका बाईंशेजारी उभी असलेली आपली लाल स्की अन्सेल्मला दिसली. ती वर चालली होती.

"पाठवलीस कशाला?" खाली पोहोचताच त्याने विचारले.

"मग काय लोणचं घालू तिचं?" क्रेसेन्झ म्हणाली. "शर्यत वर आहे ना? मग तुम्ही खाली काय करताय?"

तो त्याच डब्याने परत निघाला. तेवढ्यात वरच्या कर्मचाऱ्याने नियमाला धरून त्या बेवारस स्कीला चिठ्ठी बांधली आणि खालच्या कार्यालयाकडे रवाना केले. भुयाराच्या मध्यावर दोघांची पुन्हा भेट झाली. या वेळी स्की बाकावर आडवी होती आणि अन्सेल्म उभा होता.

वर येताच त्याने फोनवर शब्द तोलून सांगितले, "दोन्ही वस्तू हलत राहिल्या तर हे असंच होणार. एकाने स्थिर राहायला हवं. कळतंय?"

"कळलं," क्रेसेन्झ म्हणाली.

अन्सेल्म स्थिर राहिला. डबे आले, गेले. दुसऱ्या कुणाची स्की त्याच्या बुटाला बसेना. नावे पुकारली गेली. त्याचे नाव दोनदा पुकारून खोडले गेले. लेओ हात हलवून उताराला लागला. तेव्हा अन्सेल्मने फोन केला.

"अगं, स्की कुठाय?"

"माझ्यासमोर. मघापासून जरासुद्धा हललेली नाही. एकाने स्थिर राहायचं म्हणालात ना, अहो? मी म्हटलं, तुमची काही खात्री नाही. तिलाच बसवून ठेवलंय."

अन्सेल्मने फोन खिशात ठेवला. विधानात चूक नव्हती; कोणी स्थिर राहायचे, तेवढेच त्याने नोंदवले नव्हते.

बऱ्याच वेळाने खालून वर आलेल्या जुन्या पाळण्यातून लेओ उतरला. नाक लाल झालेले, एका काखेत चषक, दुसरीत क्रेसेन्झने दिलेली लाल स्की.

"उशीर झाला, दाजी," तो म्हणाला. "भुयारातूनच येणार होतो. पण म्हटलं, तुमच्याशी चुकामूक नको."