गाठींची डॉक्टरीण

रविवारी सकाळी शिवलीला दात घासत ओसरीवर आली, तर अंगण माणसांनी भरलेलं. बेंगळुरूला गणित शिकवणारी ही बाई आदल्या दिवशीच नळदुर्गला माहेरी आली होती. गणितातल्या गाठींवर केलेल्या तिच्या संशोधनाला नुकताच परदेशात मोठा मान मिळाला होता. सत्काराला आलेत वाटतं, म्हणून तिनं घाईघाईनं चूळ भरली.

पुढं बसलेल्या सिताबाईंनी पदर सारून दंड दाखवला. "लिंबाएवढी झालीया बघा. दुखत न्हाय, पर वाढतीया."

शिवलीलानं चुलत्यांकडं पाहिलं. रेवणसिद्धकाकांची छाती अभिमानानं फुगली होती. स्टँडजवळ त्यांनी फ्लेक्स लावला होता : 'गाठींवरील संशोधनाने जग जिंकणारी नळदुर्गची लेक, डॉ. शिवलीला! रविवारी राहत्या घरी भेटतील.'

"काका, मी गणिताची डॉक्टर! माझ्या गाठी दोरीच्या!"

"दोरीच्या गाठीला डॉक्टर कशाला लागतंय?" सिताबाईंनी विचारलं.

शिवलीलानं वाळवणाची दोरी ओढून गाठ मारली आणि दोन्ही टोकं जोडली. "ही न कापता सुटेल की नाही, ते मी शोधते."

"आन् सोडवता कवा?"

"सोडवत नाही. सुटणार नसली, तर सुटणार नाही एवढं सिद्ध करते."

"आमच्या वैदूचंबी असंच हाय," सिताबाई समजुतीनं म्हणाल्या.

आता मात्र शिवलीलाला चेव आला. "अहो, याचा उपयोग भौतिकशास्त्रात होतो, रसायनात होतो, अंगातल्या पेशींमधला गुंता समजून घ्यायला होतो..."

"अंगातल्याच की मग!" म्हणत अख्खी रांग पुढं सरकली.

काका चूक सुधारायला पेंटर घेऊन धावले. 'गणिताच्या' हा शब्द घालायचा होता. पेंटरनं घाईत 'गणिताने' घातला. दुपारपर्यंत माकणीहून जीप आली. "बिनऑपरेशन, नुसत्या गणितानं गाठ जिरवत्यात म्हणं!" एकानं तर मानेला गाठ आलेला बैल आणून दारात बांधला.

मागच्या दारानं सटकावं म्हणून शिवलीला स्वयंपाकघरात शिरली, तर तिथं हरणाबाई वाट अडवून उभ्या. शेजारच्या वस्तीवरची, चारचौघांत तोंड न उघडणारी बाई. त्यांनी दार लोटलं आणि शिवलीलाचा हात धरून आपल्या छातीवर ठेवला.

"घरात कुणाला सांगितलं न्हाय. बाप्या डॉक्टराला कसं दावू? तुमी आलात म्हणून आले."

बोटांना ती गाठ लागली, आणि शिवलीलाचं हसू, राग, सगळं पळालं. तिनं शाळेतल्या मैत्रिणीला फोन लावला. सृष्टी सोलापुरात शस्त्रक्रिया करणारी डॉक्टर होती. आधी ती पोट धरून हसली. हरणाबाईंचं ऐकल्यावर म्हणाली, "कुणाला घालवू नकोस. निघालेच."

संध्याकाळपर्यंत सृष्टीनं ओसरीवर सगळ्यांना तपासलं. बहुतेकांच्या गाठी साध्या चरबीच्या निघाल्या. बैलाला पशुवैद्याकडं धाडलं. हरणाबाईंना मात्र तिनं आपल्याच गाडीत बसवून नेलं.

"वेळेत आली गं ही बाई," ऑपरेशननंतर तिनं फोनवर सांगितलं. "इतक्या बायका आपणहून गाठ दाखवतात, असं मी कधी पाहिलं नव्हतं. तुझं गणित भलतंच चालतंय!"

शिवलीलाला परदेशातल्या टाळ्या आठवल्या. त्या वेळी डोळे कोरडेच होते. आता तिनं पदरानं पुसले.

दिवाळीला शिवलीला पुन्हा माहेरी आली, तेव्हा हरणाबाई करंज्यांचा डबा घेऊन स्वतः चालत आल्या. तब्येत ठणठणीत, आवाज आता अंगणभर.

"अक्का, नातीला गणितच शिकवणार म्या. तुमच्यागत डॉक्टरीण करणार."

"मावशी, गणिताच्या डॉक्टरला औषध देता येत नाही हो. दवाखानाही काढता येत नाही."

"नसू द्या की," हरणाबाईंनी करंजी तिच्या हातावर ठेवली. "रांग तर लागतीया न्हवं!"