जटायू क्लब, इंदूर

पोस्टरवर 'फुटबॉल' हा शब्द लिहायचा राहून गेला, यात पुष्कर सासनेच्या मते त्याची फारशी चूक नव्हती. तो कोल्हापूरचा. तिथे फुटबॉलचे संघ तालमींचेच, त्यामुळे तालमीचं नाव घेतलं की पुढे फुटबॉल म्हणावं लागत नाही. मिसळ म्हटल्यावर 'तिखट' म्हणावं लागत नाही, तसंच. कुणाची तालीम देवाच्या नावाची, कुणाची राजाच्या, कुणाची एखाद्या पैलवानाच्या. पुष्करची जटायूच्या. रावणाला अडवता अडवता पडला तो जटायू. तालमीचा संघही बहुतेक सामन्यांत तेवढंच करायचा. पुष्कर बारा वर्षं तिचा गोलकीपर होता, त्यामुळे पडण्यातला मोठा वाटा त्याचाच.

नोकरीने त्याला इंदूरला आणून टाकलं त्याला तीन वर्षं झाली होती. जुन्या इंदुरात द्वारकाबाईंच्या घरी वरच्या खोलीत तो एकटा राहायचा. माणसं गोड, पोहे त्याहून गोड. तक्रारीला जागाच नव्हती. पण रविवारी दुपारचे चार वाजले की पलंगावर पडल्या पडल्या त्याचा पाय आपोआप हलायला लागायचा. गावाकडे सामना सुरू झालेला असायचा. संध्याकाळी तालमीतल्या श्रीहरीचा मेसेज यायचा, 'हरलो. ३-०.' बस. तेवढं वाचून पुष्कर भिंतीकडे तोंड करून पडायचा. हरल्याचं दुःख नव्हतं, त्याची सवय होती. आपल्यावाचून हरले, याचं होतं.

शेवटी जानेवारीत त्याने ठरवलं, इथेच संघ काढायचा आणि नाव तेच ठेवायचं. पंख पसरलेला मोठा पक्षी, खाली 'जटायू क्लब, इंदूर. रविवार, सकाळी साडेसहा, चिमणबाग', फोन नंबर, आणि तालमीचं ब्रीद: 'पडलो तरी सोडणार नाही.' ते इथल्या लोकांना कळावं म्हणून त्याने स्वतःच हिंदी करून टाकलं, 'गिरेले को छोड़ेंगे नहीं.' सोमवारी सकाळी जुन्या इंदुरापासून सराफ्यापर्यंत त्याने वीस पोस्टरं चिकटवली. संक्रांत नुकतीच झाली होती. पतंगांच्या मांज्याचे तुकडे अजून विजेच्या तारांवर लोंबत होते. तिकडे त्याचं लक्ष गेलं नाही.

दुपारी पहिला फोन आला.

"भिया, जटायूवाले बोलताय ना?"

पुष्करच्या अंगावर काटा आला. तीन वर्षांत या गावात कुणी ते नाव घेतलं नव्हतं.

"होय होय! बोला की!"

"आमच्याकडे एक आहे. सराफ्याच्या मागे, आमच्या छतावर."

"छतावर सराव करतोय?"

"सराव कशाचा जी, पडलाय. सुबह से उठतच नाही."

"दुखापत काय? गुडघा?"

"पंख."

पुष्करला वाटलं, विंगरला इंदुरात पंख म्हणत असावेत. डावा की उजवा, असं त्याने विचारलं. डावा, असं उत्तर आलं. डाव्या बाजूला खेळणारा माणूस कोल्हापुरातही सहज मिळत नाही. तो अर्धी रजा टाकून धावला.

फोन करणारे पांडुरंगजी निवृत्त शिक्षक होते. त्यांच्या गच्चीवर निम्मी गल्ली जमली होती आणि मधोमध, पंखात मांजा अडकलेली एक घार चोच वासून बसली होती. पुष्करने तिच्याकडे पाहिलं. तिने पुष्करकडे पाहिलं. "अहो, मी..." असं तो म्हणणार, तोच मागून कुणीतरी ओरडलं, "हटा, हटा! जटायूवाले आले!"

आता खरं सांगायला हवं होतं. पण 'जटायूवाले आले' ही आरोळी त्याने याआधी स्टेडियमच्या दारातच ऐकली होती. सांगणं राहूनच गेलं. घार फडफडत कठड्याकडे सरकली, आणि बारा वर्षांची सवय अंगात उसळली. पुष्करने टॉवेल हिसकावला, उजवीकडे सूर मारला, घार दोन्ही हातांत धरली आणि छातीशी घेऊन गच्चीवर लोळला.

"क्या कैच है!" गल्ली टाळ्या पिटत म्हणाली. कुणीतरी व्हिडिओ काढला होता. संध्याकाळपर्यंत तो अख्ख्या इंदुराने पाहिला.

मग फोन थांबेचनात. मंगळवारी दोन कबुतरं, बुधवारी एक पोपट, गुरुवारी इंदूरजवळच्या हातोदहून एक गृहस्थ पिशवीत घुबड घेऊन आले. पुष्कर सकाळी पक्षी जनावरांच्या सरकारी दवाखान्यात नेऊन पोचवायचा, तोवर ते रात्रभर खोलीत असायचे. शुक्रवारी, घुबड पोचवायच्या आधीच, द्वारकाबाई जिना चढून आल्या.

"पुष्करजी, किरायेनाम्यात एक आदमी लिहिलाय. उल्लू कुठे लिहिलाय? दाखवा न जरा."

"काकू, चूक झाली. खरं तर आमचा फुटबॉलचा..."

"कशाचाही असो. त्याला खायला काय देता? काल दिलं ते त्याने खाल्लंच नाही. मतलब, मी डोकावून बघितलं सकाळी."

रविवारी सकाळी तो चेंडू काखेत मारून चिमणबागेत गेला. मनात आशा होती, एवढी पोस्टरं आहेत, चार तरी खेळाडू येतील. धुक्यातून एकोणीस माणसं आली. प्रत्येकाच्या हातात खोका होता.

"भिया, हा बॉल कशाला?" पांडुरंगजींनी विचारलं.

पुष्करने चेंडू खाली ठेवला. "मी पक्षीवाला नाही," तो म्हणाला. "जटायू हा आमचा फुटबॉलचा क्लब आहे. कोल्हापूरचा. मी संघ काढायला निघालो होतो."

एका खोक्यात कबुतर घुमत होतं.

"मग आठ दिवस सांगितलं का नाही जी?"

"तुम्ही त्या नावाने हाक मारत होता," पुष्कर म्हणाला. "तीन वर्षांत कुणी मारली नव्हती. सांगितलं असतं तर थांबला असता."

पांडुरंगजींनी त्याच्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई नऊला खोके न्यायला गाडी पाठवणार होत्या, अजून दोन तास होते. त्यांनी आपला खोका झाडाखाली ठेवला आणि चपला काढल्या.

"हाताने धरायचा नाही ना? एवढंच माहीत आहे मला."

खेळ भयंकर झाला. एक गोल तर दोन्ही बाजूंनी आपलाच म्हणून साजरा केला. पुष्कर मात्र मातीत लोळून आला आणि कित्येक दिवसांनी दुपारी गाढ झोपला.

सहाला फोन वाजला. मेसेज नव्हता, श्रीहरी स्वतः बोलत होता. मागे ताशा कडकडत होता.

"पुष्कर, काय करून ठेवलंस लका! तुझा त्यो व्हिडिओ हितं पोचलाय. सकाळपास्नं तालमीच्या दारात लाइन लागल्या. एकजण तर रंकाळ्यावरनं बगळा घिऊन आलाय, म्हणतोय जटायू हितंच न्हवं?"

"आणि मॅच?"

"मॅच कसली, हरलो. ते मरू दे. पोरं बगळ्याभोवती बसल्यात, कुणाला काय कळंना. तू सांग बघू, ह्येला धरायचा कसा? आणि ह्यो खातोय काय?"

पुष्कर खिडकीत जाऊन बसला. सांगण्यासारखं होतं दोन मिनिटांचं. ताशा ऐकू येत होता, कुणीतरी कुणालातरी शिव्या देत होतं, मागे सगळी तालीम बोलत होती. त्याने घसा खाकरला आणि अगदी सावकाश, पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.