मूळ लॅटिन, मुक्काम फ्रान्स

रियाधच्या बत्हा बाजारातल्या अत्तराच्या दुकानात दाऊदभाई कुणालाही बाटली दाखवण्याआधी त्याच्या नावाचा अर्थ विचारत. गिऱ्हाइकाला सांगता आला नाही, तर स्वतः सांगत. माझ्या 'प्रभाकर'चा उलगडा त्यांनी पहिल्याच दिवशी केला, "उजेड करनारा. आनि तुमी तर तोंडपन उघडत नाय, साहेब!" मी दुकानाचा हिशेबनीस. कमी बोलतो, हे खरं.

त्यांच्या मुलीचं नाव मात्र एमे. फ्रेंच अत्तराच्या खोक्यावरून उचललेलं, दाभोळला फोनवरून कळवलेलं. घरच्यांना वाटलं, बाप पोरीला एम.ए. करायचं म्हणतोय. शाळेत पोरं विचारत, "पहिलीतच एमे? मग पीएचडी कधी?" दुकानात आम्हीही हसायचो. सगळ्यांत जास्त मी, मनातल्या मनात. आज कबूल करतो. अर्थ विचारला, की जगाची नावं उलगडणारे दाऊदभाई एवढंच म्हणत, "मूळ लॅटिन, मुक्काम फ्रान्स," आणि बाटल्या पुसायला लागत.

मग सौदीकरण आलं. काउंटरवर सौदीच हवेत, असा नियम झाला. भाईंच्या जागी नूरा नावाची तरतरीत मुलगी आली. भाई तिला हौसेनं काम शिकवू लागले. "नूरा म्हंजे उजेड. साहेब, ही तुमच्यातली!"

त्यांच्या शेवटच्या आठवड्यात मुलीचा फोन आला. भाईंचे हात अत्तरानं माखलेले, म्हणून स्पीकर चालू.

"अब्बा, कॉलेजात जायच्या आधी मी नाव बदलतंय. सना करतंय. पुरे झाली थट्टा."

नूरानं अरबीत विचारलं, "मुलगी का? नाव काय? अर्थ काय?"

एमे म्हणजे काय, ते अरबीत भाई पटकन बोलून गेले, "महबूबा."

तिकडून लगेच, "महबूबा? अब्बा, नीट मराठीत सांगा."

भाईंचे कान लाल झाले. "लाडकी, गो. जिच्यावर जीव लावलाय, ती."

"मग इतकी वरसं का नाय सांगलात?"

"रजेवर यायचा म्हयनाभर. त्यात बापानं पोरीला असा काय सांगायचा? लाज वाटली."



"नाय बदलत," ती म्हणाली. "पन एकदा हाक मारा. तुमी नुसता 'पोरी' म्हनता."

दाऊदभाईंनी हात पुसले, छाती भरून श्वास घेतला आणि भर दुकानात, गिऱ्हाइकं, नूरा, मालक, सगळ्यांसमोर आरोळी ठोकली, "एमेऽऽ!"

दाभोळहून ओ आली.