परकारचाचांची पेन्शन

परकारचाचा नव्या माणसाला नाव विचारत नाहीत. "किती वर्षं भरलीस?" असं विचारतात. समोरचा गडबडतो, त्याला वाटतं जेलचं विचारतायत. चाचांना हवी असतात इंडियात पीएफ भरल्याची वर्षं. दहा भरली तर अठ्ठावन्नाव्या वर्षी पेन्शन सुरू. आधीच पैसे काढून घेतले तर भरलेली वर्षंही गेली.

हे ज्ञान मला शारजा ते दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्क रोज सकाळी दीड तास फुकट मिळतं. कंपनी एकच, ते स्टोअरला, मी अकाउंट्सला, आणि गाडी माझी. पळणार कुठे?

गेल्या महिन्यात चिपळूणचा एक वेल्डर हेल्मेट घ्यायला स्टोअरमध्ये आला. चाचांनी हेल्मेट काउंटरखाली धरून ठेवलं. "आधी सांग, व्हिसाच्या एजंटला पैसे कुठनं दिलेस? पीएफ मोडलास ना? सगळे तेच करतात. इथं ग्रॅच्युइटी मिळते हबीबी, जाताना एकदाच. पेन्शन महिन्याच्या महिन्याला येते." बाहेर फोरमन त्या वेल्डरच्या नावानं ओरडत होता.

आणि माझं दुर्दैव असं, की माझी पुण्यातली नऊ वर्षं जमा आहेत, परत गेल्यावर एकच भरायचं बाकी, हे मी एकदा बोलून गेलो. कराडला प्लॉट घ्यायचा होता, म्हणून पैसे काढायचा ऑनलाइन अर्ज भरून ठेवला होता. फक्त शेवटचं बटण दाबायचं बाकी. झालं! रोज गाडीत बसल्या बसल्या, पट्टा लावायच्या आधी, "दाबलंस?" तीन आठवडे. बायकोनं इतक्या वेळा चौकशी केली नसेल.

एका सकाळी पुढे गाड्यांची रांग, वर ऊन, आणि शेजारी "दाबलंस?" माझं डोकंच सटकलं.

"चाचा, एवढं सांगताय, तुमची स्वतःची किती येते हो पेन्शन?"

चाचांनी तोंड खिडकीकडे वळवलं.

"माझी पण नऊच होती," ते म्हणाले. "माझी झुबेदा सांगत होती, रक्कम काढू नका. मी काढली, एजंटला दिली. तिला सांगितलं, नाही काढली, दहा पुरी आहेत."

"मग आता?"

"साठ झाली ना मला. दोन वर्षं मीच पाठवतोय. घरखर्च एक तारखेला, पेन्शन दोन तारखेला. शंभर दिरहॅम, म्हणजे बावीसशे-तेवीसशे रुपये. ती शेजारणींना सांगते, माझ्या माणसानं कधीच सोय करून ठेवली."

मला माझीच लाज वाटली. त्या संध्याकाळी मी अर्ज रद्द केला.

पुढच्याच महिन्यात कंपनीनं चाचांना खलास केलं, म्हणजे नोकरीवरून काढलं. ग्रॅच्युइटीचा हिशेब मीच काढला. सही करून ते उठले नाहीत. यातली काही रक्कम वेगळी ठेवून दर महिन्याच्या दोन तारखेला झुबेदाच्या खात्यावर जाईल असं करता येईल का, म्हणाले. मी म्हटलं, येईल, मी बघतो.

"आणि जाधव, मी गेल्यावर निम्मी कर."

"निम्मी का? पैसे पुरतील की, चाचा."

"नवरा मेल्यावर बेवेला निम्मीच मिळते," चाचा म्हणाले. "पूर्ण आली तर तिला कळेल."