घैसासकाकांचा एक्केचाळिसावा प्लॅन

घैसासकाका कुणाकडे चहाला आले की बसण्याआधी टेबल मोजायचे. खिशातून स्टीलची टेप निघायची, खर्रकन उलगडायची आणि यजमानाच्या तोंडावर निकाल लागायचा, "चार बाय अडीच. वळण आवळेल. इंजिन उतरणार!"

मी लंडनच्या क्रॉयडन भागात त्यांच्या शेजारी राहायला आले त्या दिवशी मूव्हर्स माझं डायनिंग टेबल तिरकं करून दारातून आत घालत होते. कुंपणापलीकडून काका ओरडले, "थांबा! तसंच धरा!" मला वाटलं, मदतीला धावून येतायत. आले, टेबल मोजलं, डायरीत आकडा लिहिला आणि निघून गेले.

काकांना घरी एक छोटीशी रेल्वे उभारायची होती. रूळ, स्टेशन, बोगदा, सगळं. "खेळण्यातली गाडी का?" असं मी विचारलं, तर दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "खेळणं मोडतं. मॉडेल चालतं."

चालत मात्र काहीच नव्हतं. ड्रॉइंग ऑफिसातून रिटायर होऊन सात वर्षं झाली, घरात वीतभर रूळ आला नव्हता. वॉलपेपरखाली लावायच्या कोऱ्या कागदाच्या गुंडाळ्या आणून त्यावर ते पेन्सिलीने प्लॅन काढायचे. प्रत्येकाला नंबर, आणि शेवटी लाल शाईत दोष. सत्तावीस नंबरात प्लॅटफॉर्म आखूड. एकतिसात सगळं बसलं, पण खोलीचं दार उघडेना.

"मग दार बाहेर उघडेल असं करून घ्या," मी म्हटलं.

"आज दार बदला, उद्या घर बदला! रुळाला घाई चालत नाही हो."

हे त्यांचं पेटंट वाक्य. मालतीकाकू स्वयंपाकघरातून म्हणायच्या, "सप्तपदीलासुद्धा पावलं मोजत होता हा माणूस."

काकूंची एकच हौस होती. ग्लासगोला मुलीकडे जायचं, विमानाने नाही, ट्रेनने, खिडकीशी बसून. काकांनी त्याचाही प्लॅन केला. कुठल्या बाजूने समुद्र दिसतो, गाडी कुठे बदलायची. मग बदलायला एकोणीस मिनिटंच मिळतात म्हणून तो रद्द. पुढच्या वर्षी नवा, तोही रद्द. "पोरीचं स्वयंपाकघर मी फोनवरच बघितलंय," काकू एकदा मला म्हणाल्या. हसत म्हणाल्या, पण काकांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

मग काकू विसरायला लागल्या. चष्मा फ्रिजमध्ये, दूध कपाटात. डॉक्टरांनी डिमेन्शिया म्हणून सांगितलं. काकांनी मात्र तो आजार धरलाच नाही, चूक धरली. आमची भिंत पातळ. दिवसभर ऐकू यायचं, "मंगळवार नाही, बुधवार!" "ते मीठ आहे, साखर नाही!" काकूंचा आवाज दर आठवड्याला थोडा बारीक होत गेला.

एकदा मला राहवलं नाही. दारात जाऊन म्हटलं, "काका, असू दे ना मंगळवार! कुणाचं काय बिघडतंय?"

"चूक ती चूक," असं म्हणून त्यांनी दार लावून घेतलं. त्यानंतर महिनाभर मी त्या घरात पाऊल टाकलं नाही.

काकूंना जिना चढवेना, तेव्हा पलंग खाली पुढच्या खोलीत आणला. ती खोली रेल्वेसाठी राखलेली. त्या आठवड्यात रिसायकलिंगच्या बिनमध्ये कागदाच्या गुंडाळ्या दिसल्या, एक्केचाळीसच्या एक्केचाळीस. बरं झालं, असंच मला वाटलं. खोटं कशाला सांगू?

पण काकूंसाठी जीव तुटायचा. एका रविवारी सकाळी मऊ भाताचा डबा घेऊन गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. पलंगाच्या पायथ्याशी दोन स्टुलांवर प्लायवूड टाकलेलं, त्यावर रुळांचं एक साधं गोल वर्तुळ. चॅरिटी शॉपमधला मुलांचा सेट, खोक्याला चिकटपट्टी लावलेली. प्लास्टिकचं इंजिन, दोन डबे. स्टेशन म्हणजे टी-बॅगचं रिकामं खोकं. काका पाठमोरे उभे होते, हातात कंट्रोलर. गाडी फिरत होती.

"आली गं बाई गाडी!" काकूंनी टाळी वाजवली. गाडी वळसा घालून परत आली. "आली गं बाई!" परत तेवढाच आनंद. मी दारातच थांबले.

मग काकूंनी काकांकडे नीट पाहिलं आणि पदर सारखा केला. "मास्तर, गाडी जरा थांबवाल का? आमचे हे यायचेत अजून."

काकांनी तोंड उघडलं, मिटलं.

"थांबवतो की," ते म्हणाले.

"त्यांना फार वेळ लागतो हो सगळ्याला. पण त्यांच्याशिवाय मी नाही बसायची गाडीत." काकू थोड्या पुढे वाकल्या. "तुम्ही ओळखता का त्यांना?"

काकांनी कंट्रोलरचं बटण हळूहळू शून्यावर आणलं. गाडी खोक्यासमोर येऊन उभी राहिली.

"तोंडओळख आहे," ते म्हणाले.